मानेचा ट्रे

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी शेळके साहेबांनी सगळ्या वेल्डरना मशीन बंद करून बोलावलं. मोबाईलवर बघून वाचलं. नवीन स्कूटर बॅटरीवरची, तिला सायलेन्सर नाही. जुन्या गाडीला लागतील तेवढे सायलेन्सर रोबोट जोडेल. आम्ही बारा जण. दोघांना रोबोटवर ठेवणार, बाकीच्यांना स्वेच्छानिवृत्ती. १४ तारखेला परीक्षा.

पाच-सात मिनिटांत मीटिंग संपली, मशीन परत चालू.

तेवीस वर्षं सायलेन्सरच जोडले. दुसरं काही जोडलेलं नाही.

बसमध्ये माने शेजारी. चौदा वर्षं त्याचं बूथ माझ्या समोर आणि बसमध्ये सीट शेजारी. चाकणहून काळेवाडी फाट्याला आलो. उतरताना म्हणाला, "बघू."

घरी जेवलो. सुरेखा म्हणाली, "भाजीत मीठ राहिलंय, सांगायचं नाही का?" मला कळलंच नव्हतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

मानेला नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली. समोरचं दिसतं, कडेचं नाही. जोड सुरू कुठं करायचा ते त्याला कळतं, संपतो कुठं ते कळत नाही. पहिल्यांदा त्यानं मला एक पीस आणून दाखवला. "एवढं बघ बरं," म्हणाला. बघितला. शेवटी बोटभर भेग राहिलेली. मी गन मारून भरली.

तेव्हापासून त्याचा ट्रे आधी माझ्याकडं येतो. मी एकेक पीस बघतो, राहिलं असेल तिथं भरतो, मग इन्स्पेक्शनला. रोजचं झालंय. आता तो म्हणतही नाही, नुसता ट्रे सरकवतो.

मोतीबिंदू असेल, म्हणतो. ऑपरेशन करून घे म्हटलं तर म्हणाला, "रजा टाकली की डॉक्टरचा कागद मागत्यात. कागदावर डोळं आलं की वेल्डर संपला." बायकोलाही सांगितलेलं नाही.

आजही सोळा पीस भरले.

गुरुवार, ६ फेब्रु. (सुट्टी)

माने घरी आला. परीक्षा टॅबलेटवर आहे, मला दाखव म्हणाला. सुरेखाच्या मोबाईलवर दाखवलं. इथं बोट ठेवायचं, मग पुढं. तो मान वळवून वळवून बघत होता, कोंबडी बघते तशी. हे लिहायला नको होतं.

सुरेखानं चहा त्याच्या डाव्या बाजूला ठेवला. हात लागून सगळा सांडला. "भाऊजी, लक्ष कुठंय?" "रोबोटकडं वहिनी," म्हणाला. दोघं हसले. मी फडकं आणलं.

सुरेखाला वायरिंगच्या कंपनीतून फोन आला. चाकणलाच. तिथं बायकाच घेतात. रंग ओळखायची परीक्षा घेतली म्हणे, सगळे बरोबर. १ तारखेपासून ये म्हणालेत. तिनं मला विचारलं, "जाऊ ना?" जा म्हटलं. "तुम्हाला बरं वाटलं का नाही?" बरं वाटलं म्हटलं.

मंगळवार, ११ फेब्रु.

रोबोट बसवणाऱ्या कंपनीच्या गायकवाड मॅडम आल्या. चोवीस-पंचवीस वय असेल. माझ्या बूथमध्ये स्टँडवर कॅमेरा लावला, काळी काच पुढं लावून. दहा पीस करायला लावले, मग लॅपटॉपवर बघत बसल्या.

"दादा, तुम्ही कोपऱ्यावर हात का थांबवता?"

"थांबवतो?"

"दर वेळी. अर्धा सेकंद. हे बघा."

बघितलं. खरंच थांबतो. म्हटलं, तिथं पत्रा जाड आहे, थांबलं नाही तर आत धरत नाही. असं असेल. मी कधी ठरवलं नव्हतं. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. "हेच रोबोटला सांगायचं होतं, थँक्यू."

मग मानेकडं वळल्या. तो म्हणाला, "माझं नगं मॅडम. ह्याचंच घ्या. ह्याचा हात लई चांगलाय."

दुपारनंतर माझा हात नीट चालेना. कोपरा आला की लक्ष जायचं. तीन पीस खराब. कितीतरी दिवसांनी.

शुक्रवार, १४ फेब्रु.

परीक्षा. टॅबलेटवरची झाली. मग एकेकाला वेगळ्या बूथमध्ये, पडदा ओढून, एक पीस. मला सोपं गेलं.

माने बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातला पीस लांबूनच दिसला. जोड रेषेवरून उतरून गेलेला. शेळके साहेबांनी तो हातात फिरवून फिरवून बघितला. खाली ठेवला, परत उचलला.

सोमवार, १७ फेब्रु.

शे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. तेवीस वर्षांत त्या केबिनमध्ये कधी बसलो नव्हतो. चहा आला.

"विलास, परीक्षेत तुझं नाव वर आहे. दोनातली एक जागा तुझी धर."

"हो साहेब."

"मानेचं रिजेक्शन दोन वर्षं शून्य आहे. आणि शुक्रवारचा पीस हा असा." पीस टेबलावरच होता. "त्याचा माल तुझ्या हाताखालून जातो का?"

हो म्हटलं तर दोन वर्षं मीच लपवलं. नाही म्हटलं तर साहेब स्टोअरच्या वरचा कॅमेरा बघतील. ट्रे रोज सरकतो तो त्याच्या खालीच.

मी चहाकडं बघत होतो. म्हणालो, "तुम्हाला सगळं दिसतंच साहेब."

एवढंच म्हणालो. शब्द हेच होते. हो म्हटलेलं नाही.

साहेब म्हणाले, "बरं. जा तू."

बूथवर आलो तर ट्रे आलेला. भरला.

मंगळवार, १८ फेब्रु.

मानेला डोळे तपासायला पाठवलं. बाकी कोणाला नाही.

शनिवार, २२ फेब्रु.

यादी लागली. मी आणि सपकाळ. बाकी दहा जणांना कंपनीची पत्रं, २८ ला शेवटचा दिवस. नऊ जणांच्या पत्रावर 'वेल्डर' आणि किती वर्षं अनुभव ते. कुठल्या तरी ठेकेदाराकडं उभं राहता येईल. मानेच्या पत्रावर 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र'.

बसमध्ये नेहमीसारखा शेजारी बसला. भोसरी गेल्यावर म्हणाला, "साहेबाला कसं कळलं असंल?"

"शुक्रवारचा पीस बघितला ना."

"व्हय. तेच असंल."

खिशातून शेंगदाणे काढले, मला अर्धे दिले. खाल्ले.

शुक्रवार, २८ फेब्रु.

त्यांचा शेवटचा दिवस. कँटीनमध्ये गुलाबजाम. प्रत्येकाला श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. साहेब बोलले, कंपनी तुम्हाला विसरणार नाही. फोटो काढताना माने कडेला उभा राहिला. फोटोवाला त्याला आत सरका म्हणत होता, पण हात त्यानं डावीकडून केला. मी जाऊन त्याला आत घेतलं.

आज ट्रे आला नाही. तरी दोनदा हात तिकडं गेला.

बुधवार, ५ मार्च

रोबोट चालू. पिंजऱ्यात आहे. मी दोन भाग साच्यात बसवायचे, मागं व्हायचं, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची. दोन्ही हातांनीच, म्हणजे हात आत राहत नाही. तो जोडतो. मी काढायचं, पुढचं लावायचं.

कोपऱ्यावर अर्धा सेकंद थांबतो. बघितलं. पुढचा पीस लावला.

गायकवाड मॅडम म्हणाल्या, "जमतंय ना दादा?" यात न जमण्यासारखं काही नाही, पण हो म्हटलं.

सुरेखाची बस सकाळी सहाला. चहा आता मी करतो.

बुधवार, १२ मार्च

बसमध्ये शेजारची सीट मोकळी असते. कुणी बसलं तरी चालेल, पण बसत नाहीत.

सुरेखा घरी आली की बोलत असते. कोणती बाई कुठली, कोणाचा नवरा काय करतो, लाल वायर चुकली की किती गोंधळ होतो. तिचा आवाज बदललाय. चांगला झालाय. मी ऐकतो. मध्येच म्हणाली, "ऐकताय ना?" शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "वाक्य नको हो."

गुरुवार, २० मार्च

मानेवहिनी आल्या. मी दारातच होतो, पण त्या सुरेखाशी बोलल्या. डोळ्याचं घरी आता कळलंय. पिंपरीला महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

मोतीबिंदू नाही. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. उजवा राहील तेवढा राखायचा, थेंब रोज घालायचे, आयुष्यभर. डॉक्टरांनी विचारलं, दोन वर्षांपूर्वी का नाही आलात? तेव्हा आला असता तर डावाही बराचसा राहिला असता.

वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "कंपनीत कुणालाच कसं दिसलं न्हाई ओ? एवढी माणसं. कुणी एका शब्दानं बोललं असतं तर मी वडत नेलं असतं."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. का बघितलं कोण जाणे. तिला काही माहीत नाही. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

शुक्रवार, २१ मार्च

दोन वर्षं रोज ट्रे भरला नसता तर महिन्याभरात माल परत आला असता. साहेबांनी तेव्हाच दवाखान्यात पाठवलं असतं. नोकरी जायची ती तेव्हाच गेली असती. डोळा राहिला असता.

आणि मी ते त्याच्यासाठीच केलं.

आणि मग सांगितलंही.

दोन्ही एकाच माणसानं केलंय. मांडून बघतो, पण काही होत नाही. रडू येत नाही, झोप जात नाही. ड्यूटीवर जातो.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी सुरेखानं उभारली, मी बांबू धरला. मानेकडं जायचं ठरलं होतं. गेलो नाही. ती एकटी जाऊन श्रीखंड देऊन आली.

"तुमची आठवण काढली त्यांनी."

"काय म्हणाला?"

"विलासला वेळ मिळत नसंल, म्हणाले."

बुधवार, ९ एप्रिल

मानेचा फोन. आवाज नेहमीचा. "तुझ्या भावाच्या गोडाऊनला माणसं घेतात म्हनं. माझं बघतो का?"

थोरल्या भावानं खेडकडची जमीन गोदामाला भाड्यानं दिलीय. दोन-चार माणसं त्याच्या शब्दावर लागतात. फोन केला.

भाऊ म्हणाला, "माणूस आपलाच हाय ना?"

"आपलाच."

"डोळं-बिळं ठीक हायेत ना? हितं माल उचलायच्या गाड्या फिरत्यात, मागंपुढं बघावं लागतं."

परत तोच प्रश्न. या वेळी खरं सांगितलं. एकच डोळा चालतो म्हटलं.

"मग न्हाई रं जमायचं."

मानेला कळवलं, तिथं सध्या भरती नाही. तो म्हणाला, "बरं, बरं." खरं आधी एका ठिकाणी सांगितलं आणि लगेच दुसऱ्या ठिकाणी खोटं. दोन्हीला सारखाच वेळ लागला.

गुरुवार, १७ एप्रिल

काही नाही. पाण्याची टाकी धुतली.

मंगळवार, २९ एप्रिल

शे. साहेबांची बदली. गुजरातच्या प्लांटला. इथलं एवढं मोठं खातंच राहिलं नाही तर साहेब कशाला, असं सपकाळ म्हणाला. जाताना साहेब पिंजऱ्यापाशी आले.

"मानेचं काय चाललंय?"

डोळ्याचं सांगितलं. ते रोबोटकडं वळले. म्हणाले, "मी कॅमेरा आधीच बघितला होता विलास. तुला विचारलं ते नुसतं विचारलं."

म्हणजे मी काहीही म्हणालो असतो तरी तेच झालं असतं. हलकं वाटायला पाहिजे होतं. दिवसभर वाट बघितली. वाटलं नाही. साहेबांना माहीत होतं, पण मला कुठं माहीत होतं त्यांना माहीत आहे ते?

नवीन साहेब सोमवारी येणार. एका पिंजऱ्यावर दोन माणसं कशाला, हे ते बघणार आहेत असं कळलं.

गुरुवार, ८ मे

सुरेखाला लाईनवर बारा बायकांची प्रमुख केलं. पेढे घेऊन आली. एक पुडा मानेंकडं द्या म्हणाली आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्ही जा. मी नाही जाणार आज."

गेलो. सव्वादोन महिन्यांनी.

माने खाटेवर बसून भाजी निवडत होता. मेथी. पान आणि काडी बोटांनी चाचपून वेगळी करत होता, फार स्वच्छ. "ये," म्हणाला. आवाजावरून नाही, समोरून आलो म्हणून दिसलो. वहिनी रावेतला सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जातात. तिथल्याच एका सोसायटीत गेटवर माणूस पाहिजे आहे, पुढच्या गुरुवारी भेटायला बोलावलंय. रस्ता मोठा आहे, एकट्यानं नको म्हणतात.

"तू येतो का? तुला सुट्टीच असती."

येतो म्हटलं.

पेढा दिला. त्यानं अर्धा मोडून मला दिला.

गुरुवार, १५ मे

माने आणि मी रावेतला. बसनं. सोसायटी नवीन, एकवीस मजली. गेटवर आमच्याच वयाचे दोघं निळ्या गणवेशात. एकजण पूर्वी भोसरीत लेथवर होता म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं नाही.

एजन्सीचा माणूस खुर्चीत. विचारलं, आधी काय करत होता? कंपनी का सोडली? मी तोंड उघडणार होतो. कामगार कपात झाली, एवढं बोललं असतं तर पुरलं असतं. त्याच्या आधी माने म्हणाला, "डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. उजव्यानं दिसतं. गाडीचा नंबर वाचतो, माणूस वळखतो. रात्रपाळीला अवघड जाईल, दिवसा करतो."

तो माणूस लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "काका, हे कशाला सांगितलं?"

"तुम्ही इचारलं म्हणून."

कळवतो म्हणाला. नंबर लिहून घेतला.

बाहेर टपरीवर चहा घेतला. ऊन होतं. माने कप दोन्ही हातांत धरून बसला.

"विलास, तुला साहेबानं इचारलं असंल ना? माझ्या मालाचं?"

पंधरा लोक चहा पीत होते. कुणी आमच्याकडं बघत नव्हतं.

"विचारलं होतं."

"मग?"

जसं झालं तसं सांगितलं. केबिन, चहा, पीस टेबलावर. काय म्हणालो तो शब्दन् शब्द. साहेबांनी आधीच कॅमेरा बघितला होता, ते नाही सांगितलं. ते सांगितलं असतं तर ती सबब झाली असती. बसमध्ये खोटं बोललो तेही सांगितलं. भावाच्या गोदामाचंही. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ट्रेचं म्हणालो, दोन वर्षं भरला नसता तर डोळा राहिला असता. त्यावर मात्र म्हणाला, "ते मी सांगितलेलं. ते तुझ्याकडं धरू नगं."

बाकीच्याबद्दल काही नाही.

चहा संपवला. कप खाली ठेवताना आधी बोटांनी बाकाची कड शोधली.

बसस्टॉप पलीकडं होता. गाड्या सारख्या चालू. रस्ता ओलांडताना त्यानं माझा दंड धरला, घट्ट. धरावाच लागतो, डाव्या बाजूच्या गाड्या दिसत नाहीत. पलीकडं गेल्यावर सोडला. बसमध्ये चढल्यावर पुढच्या सीटवर बसला, एकाचीच असते त्या. मी मागं बसलो. मागं दोनाची सीट रिकामी होती, त्याला दिसली का नाही सांगता येत नाही.

काळेवाडीला उतरलो. तो म्हणाला, "येतो." मी म्हटलं, "हां."

घरी आल्यावर पायावर पाणी घेतलं. तेव्हा दंडावर त्याची चार बोटं उठलेली दिसली. आता लिहिताना जरा दुखतंय.

पुढच्या गुरुवारी त्याची दवाखान्याची तारीख आहे, डोळ्याचा दाब बघायला. वहिनींना सुट्टी मिळत नाही, हे तोच जाताना बसमध्ये बोलला होता, म्हणजे चहाच्या आधी. चल म्हणाला नाही. येऊ का, असं मीही विचारलं नाही.

जायचं तर नऊला निघावं लागेल.